दुसऱ्याच्या नावानं

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं. ताशी शंभर-एकशे दहा किलोमीटरचा वारा होता. मी पुण्यात भाड्याच्या खोलीत लॅपटॉपसमोर, आणि घरचे सगळे बोर्ली पंचतनला. सकाळी साडेदहाला आईशी बोललो तेव्हा ती दारांना आतून फळ्या लावत होती. त्यानंतर फोन लागेना. संध्याकाळी लागेना, दुसऱ्या दिवशी लागेना. टॉवर पडले होते, वीज गेली होती, लॉकडाऊनमुळे गाडी काढून निघण्याचीही सोय नव्हती.

टीममध्ये नगरकडची एक सहकारी होती, ख्रिस्ती घरातली. कॉल संपल्यावर तिनं मेसेज केला, "घरी कोण कोण आहे? नावं पाठव. रात्री आमच्याकडे झूमवर प्रार्थना असते, त्यात घेतो." मी देव वगैरे फारसा मानत नाही, पण त्या वेळी नाही म्हणायचं बळ नव्हतं. चार नावं टाइप केली: आजी, आई, बाबा, काका. तिचा पुढचा प्रश्न आला, "आणि शेजारी?"

त्या प्रश्नानं मी जरा ओशाळलो. शेजारच्या चाचांचं घर आमच्यापेक्षा जुनं, वर पत्रे. त्यांचा विचारच माझ्या मनात आला नव्हता. त्यांचं नाव घातलं, चाचींचं घातलं. मग बागेत कामाला येणाऱ्या मावशींचं. चाराची यादी अकरावर गेली.

तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून रेंज शोधत ते बरेच लांब आले होते. माणसं सगळी ठीक होती. सुपारीची वाडी आडवी झाली होती. हे तिला कळवलं तर तिनं विचारलं, "मग आता कशासाठी घेऊ?"

या 'घेऊ' शब्दानं माझं कुतूहल चाळवलं. कुणाला तरी 'प्रार्थनेत घेणं' म्हणजे नक्की काय? ज्याच्यासाठी मागायचं तो आपला नातेवाईक नाही, आपल्या धर्माचा नाही, आपल्याला त्याचा चेहराही माहीत नाही, तरी त्याचं नाव रोज रात्री घ्यायचं, ही सवय आली कुठून? गेली काही वर्षं सवडीनं याचा माग काढतोय. तो माग आमच्या खाडीपासून निघाला आणि केडगाव करून थेट चिलीपर्यंत गेला.

गाऱ्हाणं आणि घासाघीस

मराठी बायबलमध्ये यासाठी 'मध्यस्थी' असा शब्द आहे. आपल्याला मध्यस्थ म्हटलं की लग्न जुळवणारा किंवा जमिनीचा व्यवहार करणारा आठवतो. मूळ कल्पना तशीच आहे: दोन पक्षांच्या मध्ये उभं राहायचं आणि एकाची बाजू दुसऱ्यापुढे मांडायची. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गावदेवीपुढे जाणकार माणूस गाऱ्हाणं घालतो, अमक्याच्या घरची अडचण दूर कर म्हणतो आणि भोवतीची माणसं 'होय महाराजा' म्हणून त्याला दुजोरा देतात. ज्याची अडचण आहे तो बोलत नाही, त्याच्या वतीनं दुसराच बोलतो.

बायबलमधला या प्रकारचा पहिला मोठा प्रसंग मला तर फारच आवडतो. सदोम शहराचा नाश होणार हे कळल्यावर अब्राहाम देवाशी चक्क घासाघीस करतो. पन्नास नीतिमान माणसं सापडली तर शहर वाचवशील? बरं, पंचेचाळीस? चाळीस? तीस? वीस? असं करत तो दहावर आणतो. ते शहर त्याचं नाही. शेवटी तिथे दहाही सापडत नाहीत आणि शहर जळतंच. म्हणजे अगदी सुरुवातीच्या कथांमध्येच दुसऱ्यासाठी मागणं आहे आणि ते मान्य न होणंही आहे.

नव्या करारात दुसरा प्रसंग येतो. एका पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण बाजेवर घालून येशूकडे आणतात. दारात गर्दी असते, म्हणून छप्पर उसकटून त्याला वरून खाली सोडतात. मार्कच्या शुभवर्तमानात म्हटलं आहे की येशूनं 'त्यांचा' विश्वास पाहिला. आणणाऱ्यांचा विश्वास निजलेल्याच्या कामी आला. ख्रिस्ती प्रवचनांत मध्यस्थीच्या प्रार्थनेसाठी हा दाखला हमखास येतो. पुढे पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात सर्व माणसांसाठी, राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठीसुद्धा मध्यस्थी करायला सांगितलं. तेव्हाचे राजे ख्रिस्ती नव्हते, उलट छळणारे होते.

खाडीपलीकडचं बाणकोट

श्रीवर्धन तालुक्याच्या दक्षिण टोकाला बागमांडला आहे. तिथून फेरीबोटीत बसलं की सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरता येतं. त्याच काठावर, खाडीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला. १७५६ च्या तहानं बाणकोट इंग्रजांकडे गेलं आणि किल्ल्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया झालं. आमची बाजू मात्र १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबाची राहिली.

१८२३ मध्ये या बाणकोटात स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा पहिला माणूस आला, डोनाल्ड मिचेल. आधी फौजेत लेफ्टनंट होता. तो त्याच वर्षी वारला. त्याच्यामागून आलेल्यांनी बाणकोट आणि हर्णै परिसरात मराठी शाळा काढल्या. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन १८२९ मध्ये भारतात आले, तेव्हा मराठी शिकायला पहिल्यांदा याच किनाऱ्यावर राहिले होते. थोड्या वर्षांत मिशनचा मुक्काम पुण्या-मुंबईकडे हलला.

त्या काळी स्कॉटलंड, इंग्लंड आणि अमेरिकेतल्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एकत्र जमून दूरदेशांसाठी प्रार्थना करायची पद्धत होती. इंग्लंडमधल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांनी १७८४ मध्ये ती सुरू केली होती. त्याआधी जर्मनीतल्या हेर्नहुट गावी मोरेव्हियन लोकांनी १७२७ मध्ये आळीपाळीनं एकेक तास वाटून घेऊन चोवीस तास मध्यस्थी चालू ठेवली. ती साखळी शंभरावर वर्षं चालली असं सांगतात. आपल्या आयटीच्या भाषेत, रोटेशनवर ऑन-कॉल. या बैठकांना बातम्या लागायच्या. 'स्कॉटिश मिशनरी रजिस्टर'सारख्या मासिकांतून कोकणातल्या शाळांची, तापांची आणि मृत्यूंची पत्रं छापून यायची. ज्यांना हा किनारा जन्मात दिसणार नव्हता ती माणसं त्याच्यासाठी प्रार्थना करत होती.

हे ऐकायला छान वाटतं, पण त्यात एक काटा आहे. त्यांची मुख्य मागणी इथल्या लोकांनी ख्रिस्ती व्हावं अशी होती. माझ्यासाठी कुणी प्रार्थना करतो तेव्हा तो माझं भलं मागतो की मी बदलावं असं मागतो? आणि 'माझं भलं' कशात, हे कुणी ठरवायचं? या प्रश्नावरून महाराष्ट्रात खरोखर एक मोठं भांडण झालं. ते पुण्यात झालं आणि त्याच्या मध्यभागी एक उघडं दार होतं.

उघडं दार

पंडिता रमाबाईंना प्रार्थना व्यर्थ जाणं म्हणजे काय हे लहानपणापासून माहीत होतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि मोठी बहीण थोड्या थोड्या काळानं गेली. जप, दान, तीर्थयात्रा सगळं करून झालं होतं. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोनेक वर्षांत नवरा गेला. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नंतर अमेरिकेत बोस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. उच्चवर्णीय विधवांसाठीची ती शाळा आणि वसतिगृह. तिथे धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं असं ठरलेलं होतं. सल्लागारांमध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते.

रमाबाई स्वतःच्या खोलीत रोज आपली प्रार्थना करायच्या आणि दार उघडं ठेवायच्या. काही मुली आपणहून येऊन बसायला लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावलं नाही, पण उठवूनही लावलं नाही. यावरून गहजब झाला. 'केसरी'नं झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लगेच रमाबाईंच्या बाजूचा झालो. स्वतःच्या खोलीत माणसानं काय करावं हे दुसरे कोण सांगणार? नंतर दुसरी बाजूही दिसायला लागली. ज्या मुलीला घरानं टाकलं आहे, जिचं अन्न-वस्त्र-शिक्षण एका बाईंच्या हाती आहे, तिच्यासाठी त्या बाईंचं उघडं दार हे नुसतं दार राहत नाही. आश्रयाचं वजन त्यात येतंच. रानडे आणि भांडारकर काही सनातनी नव्हते. दोघेही प्रार्थना समाजाचे, प्रार्थनेचं मोल जाणणारे. त्यांना खटकलं ते दिलेल्या शब्दाचं काय, हे. पण मग त्या मुलींना काय वाटत होतं? त्यांना हे कुणीच विचारलं नाही. एका बाजूला पालक, दुसऱ्या बाजूला संस्थाचालक, दोघेही त्यांच्या वतीनं बोलत होते. मध्यस्थीचा हा धोका आहे: ज्याच्या वतीनं बोलायचं त्याचाच आवाज कधीकधी बुजून जातो.

केडगावच्या याद्या

पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की वाटेत केडगाव लागतं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतःचं घर ज्यानं संपवलं तोच दुष्काळ, या वेळी दुसऱ्यांच्या घरात. तिथून त्यांनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून केडगावच्या जमिनीवर त्यांची सोय केली. तीच मुक्ती. ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. तिथे तटस्थतेचा शब्द दिलेला नव्हता. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, शाळा, अंध मुलींसाठी ब्रेल असं एक गावच उभं राहिलं.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नला १९०२ मध्ये घरोघर प्रार्थनेची वर्तुळं चालली होती. त्यांची बातमी ऐकून रमाबाईंनी मुलगी मनोरमा आणि सहकारी मिनी अब्राम्स यांना तिकडे पाठवलं. १९०४ मध्ये वेल्समधून धार्मिक जागृतीच्या बातम्या आल्या. १९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी मुक्तीत विचारलं, दुसऱ्यांसाठी रोज प्रार्थना करायला कोण वेळ देईल? सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत रोज दोनदा जमणाऱ्यांची संख्या साडेपाचशेवर गेली.

जूनच्या अखेरीस जे झालं त्याची वर्णनं जगभर छापली गेली. मुली रडत होत्या, आपल्या चुका कबूल करत होत्या, शेकडो जणी एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करत होत्या. शांतपणे डोळे मिटून बसायची सवय असलेल्या काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांना हा गोंगाट सोसवेना. रमाबाईंनी त्याचा बचाव केला: इथल्या बायकांनी देवापुढे कसं रडावं हे पाश्चात्त्य शिष्टाचारानं ठरवू नये.

पण माझं लक्ष गेलं ते याद्यांकडे. मुक्तीचं एक इंग्रजी वार्तापत्र होतं, 'मुक्ती प्रेयर बेल', म्हणजे मुक्तीची प्रार्थनेची घंटा. ठिकठिकाणच्या मंडळ्यांकडून माणसांची नावं मागवली जायची. ती नावं मुलींमध्ये वाटली जायची आणि रोज एकेक नाव घेऊन प्रार्थना व्हायची. अशी हजारो नावं. आपल्याकडे ज्ञानेश्वरांचं पसायदान अवघ्या विश्वासाठी मागतं, सगळ्यांसाठी एकदम. मुक्तीतल्या मागण्याचा आवाका तेवढाच मोठा, पण रीत उलटी: सगळे नको, एकेक घे, नाव वाच.

आणि वाचणारी कोण? दुष्काळात रस्त्यावर सापडलेली मुलगी, जिच्यासाठी मागायला घरचं कुणी उरलं नव्हतं. जगाच्या हिशेबात ती फक्त घेणारी. रोज तासभर ती देणारी व्हायची. न पाहिलेल्या गावातल्या न पाहिलेल्या माणसाची जबाबदारी तिच्याकडे असायची. तिची प्रार्थना फळली की नाही हे मला सांगता येणार नाही, पण आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं असं वाटणं हे त्या मुलीसाठी लहान नव्हतं. १८९३ च्या उघड्या दाराबद्दलचा माझा प्रश्न यानं सुटत नाही. पोटाला देणाऱ्याच्या देवाला नाही म्हणणं मुक्तीतही सोपं नसणार. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत असं मी आता मानतो.

मिनी अब्राम्स यांनी या अनुभवावर १९०६ मध्ये एक पुस्तिका लिहिली. त्यांची एक जुनी मैत्रीण चिलीत वालपराइसोला होती, विलिस हूवर या मेथडिस्ट पाळकाची बायको. अब्राम्सनी तिला १९०७ मध्ये ती पाठवली. हूवर दांपत्यानं ती वाचून आपल्या मंडळीत तशाच प्रार्थना सुरू केल्या आणि १९०९ मध्ये तिथे जी लाट उठली तिच्यातून चिलीतला पेंटेकॉस्टल पंथ उभा राहिला. आज तिथे त्याचे लाखो अनुयायी आहेत. या गोष्टीचा एक धागा दौंड तालुक्यातून निघतो.

चालतं का हे?

इंजिनिअरला हा प्रश्न पडणारच. माझ्याआधी फ्रान्सिस गॉल्टनला पडला होता. १८७२ मध्ये त्यानं युक्तिवाद केला की इंग्लंडच्या चर्चमधून राजाच्या दीर्घायुष्यासाठी सतत प्रार्थना होते, म्हणजे राजघराण्यातली माणसं जास्त जगायला हवीत. त्यानं आकडे काढले तर सुखवस्तू वर्गांमध्ये राजेच सगळ्यांत कमी जगलेले निघाले.

२००६ मध्ये याहून नेटका प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या सहा हॉस्पिटलांमध्ये बायपास झालेले १८०२ रुग्ण. काहींसाठी प्रार्थना केली, काहींसाठी नाही, आणि या दोन्ही गटांना आपण कुठल्या गटात आहोत हे सांगितलं नाही. तिसऱ्या गटाला मात्र तुमच्यासाठी प्रार्थना होणार हे सांगितलं. पहिल्या दोन गटांत गुंतागुंतीचं प्रमाण ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे सारखंच. तिसऱ्यात ५९ टक्के. प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचं फक्त पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर दिलं होतं.

निकाल मला मान्य आहे. तरी त्या प्रयोगात नेमकं काय गाळलं गेलं हे दिसतं. अर्धवट नाव, ठरलेलं वाक्य, चौदा दिवस, मग फाइल बंद. कुणी विचारलं नाही की आता कसं आहे, मग आता कशासाठी घेऊ?

मुक्तीलाही निकाल माहीत होते. रमाबाईंनंतर संस्था सांभाळायला तयार झालेली मनोरमा १९२१ मध्ये चाळिशीतच गेली. शेकडो जणींनी तिच्यासाठी मागितलं नसेल असं होणं शक्यच नाही. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. मुक्तीतली प्रार्थना थांबली नाही. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल तिथल्या बायकांनी जुळवून, छापून १९२४ मध्ये पुरं केलं.

कॅथलिकांकडची रीत वेगळी आहे. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये ८ सप्टेंबर १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना होते, आणि रांगेत हिंदू, मुसलमान, पारशी सगळे असतात. वांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचे हात, पाय, घरं वाहतात. आईच्या गुडघ्यासाठी मुलगा मेणाचा पाय घेऊन रांगेत उभा असतो. आमच्या आजीला यातलं काही नवं वाटलं नसतं. तिनं आमच्यासाठी बोललेले नवस अजून फेडून व्हायचे आहेत. फक्त नवसात एक अट असते, तू हे कर म्हणजे मी ते करीन. केडगावच्या यादीत तशी अट नव्हती, नुसतं नाव होतं.

उलटी यादी

२०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, त्या सहकारीचे वडील ऑक्सिजनवर गेले. ती कॉलवर आली नाही. मला काय लिहावं कळेना. काळजी घे, सगळं ठीक होईल, हे टाइप करून खोडलं. शेवटी लिहिलं, "वडिलांचं नाव काय? आणि घरी अजून कोण कोण आहे?"

तिनं पाच नावं पाठवली. मला प्रार्थना येत नाही. मी बोर्लीला फोन लावला आणि आईला ती नावं सांगितली. आईनं देवापाशी दिवा लावताना घेतली. आजीनं आपल्या पद्धतीनं घेतली. चाचांना आईनं कुंपणावरून सांगितलं, त्यांनी दुआमध्ये घेतली. वादळात ज्यांची नावं नगरकडे गेली होती, तीच माणसं आता नगरची नावं घेत होती. तिचे वडील नवव्या दिवशी गेले.

परवा बाबांनी वाडीतल्या नव्या रोपांचा फोटो पाठवला. सुपारीला धरायला अजून अवकाश आहे. मी तो तिला पुढे पाठवला. तिचं उत्तर आलं, "छान. चाचींचा गुडघा कसा आहे?"

चाचींच्या गुडघ्याचं मला माहीतच नव्हतं. आईला विचारायला फोन लावला.